पहिली भाकरी

तव्यावरची पहिली भाकरी यांची.
एकतीस वर्षांचा रिवाज.
कडक भाकरी विकायची तर आधी आवाज बघावा लागतो,
दाताखाली कट् मोडली तर पाकिटात,
चिवट निघाली तर सगळा ढीग परत आचेशी उभा.
हे तोंडाने कमी, कानाने जास्त खायचे.
मान हलली की मी पाकिटं बांधायला घ्यायची.

गड्ड्याच्या जत्रेची मागणी होती त्या आठवड्यात
तोच तुकडा घशात थांबला.
पाण्याने गेला. दुसरा थांबला.
मी म्हटलं, आता माझी भाकरीसुद्धा उतरेना का तुम्हाला?
म्हणायचं नव्हतं.

मग शर्ट धुताना खिशात चुरा सापडू लागला.
विजार दोरीने बांधायला लागले, तरी मी विचारलं नाही.
शेजारची गौराबाई ओठाला बोट लावून म्हणाली, तंबाखू.
पुढचा शब्द तिने टाळला.
मी, हे आणि थोरला, तिघं रिक्षात बसून
तो शब्द मांडीवर घेऊन सात रस्त्यापर्यंत गेलो.

खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं.
रेवणसिद्ध इराप्पा तोळनुरे.
उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेतलं,
तेही दोनदा, त्याला ऐकू आलं नाही म्हणून.

नाकातून दुर्बीण घातली. गाठ नाही.
चुन्याच्या निवळीसारखं काहीतरी पाजून फोटो काढला.
पांढरी धार सरळ खाली येते
आणि मानेपाशी, खडकाला वळसा घालावा तशी, वळते.
"मणक्यांच्या पुढच्या अंगाला हाड वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"बघा, पोपटाच्या चोचीसारखं. अन्ननलिकेला रेटतंय."

हे बघत राहिले.
जन्मभर जेकार्डवर चादरी काढल्या यांनी,
मोर, पोपट, सोंड उचललेले हत्ती,
पुठ्ठ्याला भोक पडलं की तिकडे धागा उचलायचा, तिकडे चोच.
"ही कुणी काढली?" म्हणाले.
बाई हसल्या नाहीत. मी हसले,
आणि हसता हसता त्यांच्या टेबलावरचा कापूस घेऊन डोळे पुसले.

मग विचारलं, माणसाच्या पोटात घास जात नाही,
अंगावरचं मांस उतरतंय,
मग हाडाला कोण भरवतंय हो?
वय, म्हणाल्या. साखर असते काहींना.
कुणाचं वाढतं, कुणाचं नाही. कुणाला कळतही नाही.
पुढून चीर देऊन घासून काढता येतं,
काही दिवस आवाज बसेल कदाचित.
"दिवाळीनंतर बघू," हे म्हणाले.
दिवाळी होऊन गेली. कुठली दिवाळी, ते बोलले नव्हते.

तिथल्याच एका पोरीने गिळायला शिकवलं.
आजोबा, हनुवटी छातीला टेकवा, मग गिळा.
यांना पहिल्याच खेपेला जमलं.
तुटलेला धागा शोधताना मागाशी
ही मान अशीच तर वाकायची.
पोरीला वाटलं आपण शिकवलं.

आता मी शेंगांच्या आमटीत भाकरी चुरते आणि थांबते.
कडकपणावर माझं नाव चाललं चार पेठांत,
आणि रोज दुपारी मीच वाट बघते
ती कधी मऊ पडेल याची.
घास घेतला की हे मान खाली घालतात.
दारातून कुणी बघितलं तर वाटेल, माफी मागतायत.
मागायची माझी राहिली आहे.
सांडलेली आमटी पुसायच्या निमित्ताने
दोनदा तोंडाशी आली होती.

पहिली भाकरी मात्र अजून यांचीच.
कानाशी नेतात, दोन बोटांनी मोडतात.
कट्.
अर्धी मला देतात, मान हलवतात.

काल नाही हलवली.
"चिवट आहे," म्हणाले.
मी चावून बघितली, मला तर बरी वाटली.
तरी सगळा ढीग परत आचेला लावला.